आतला शेक राहिला

विवळवेढ्याच्या यात्रेत मावशीची बसायची जागा ठरलेली होती. हायवेवरून देवळाकडे वळलं की आधी मसाल्यांची दुकानं लागतात, मग कांद्यांचे ढीग आणि त्यांच्या पुढे सुक्या मासळीवाल्या बायका. आतल्या गावांतली माणसं पावसाळ्याची बेगमी तिथूनच करतात. सायवनकडून, त्याच्याही पलीकडून लोक येतात, देवीला नारळ देतात आणि जाताना पिशवीत बोंबील, सुकट, करंदी घेऊन जातात. मावशीचा नेम होता, पहिल्या दिवशी पाटीवरचं प्लास्टिक काढायच्या आधी दर्शन घ्यायचं. देवीला तोंड दाखवलं की मग धंदा.

२०१६ सालच्या चैत्रात तिनं आधी प्लास्टिक काढलं. नारळ माझ्या हातात दिला.

"तू जाऊन ये."

"आणि तू?"

"माल कोण बघेल? कुत्री बघ किती फिरतायत."

शेजारी बसणारी बाई तिच्याच आळीतली, तिच्याहून थोडी लहान. ती म्हणाली, "जा गो ताई, मी बघते तुझा माल. एक बोंबील कमी झाला तर मला बोल."

"एक नाय होणार. तू बघशील तर दोन होतील," मावशी म्हणाली.

बायका हसल्या. मावशी मात्र उठली नाही.

मी रांगेत उभी राहून नारळ देऊन आले. प्रसाद पुढे केला तर तिनं हात पुढे केला नाही. पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं ठेव. माझे हात खारट आहेत." तिचे हात नेहमीच खारट असायचे. पण ऊन होतं, तिचं वय साठीच्या पुढे गेलं होतं, आणि मला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हापासून मी डहाणूला तिच्याच घरी राहिले. तिला मूल नव्हतं. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. मी कॉलेजात असताना तो ताप आणि जुलाब होऊन वाळत वाळत गेला. तो गेल्यावर डॉक्टरांनी मावशीचंही रक्त तपासायला सांगितलं, आणि जो आजार त्याला होता तो तिलाही निघाला. एचआयव्ही हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही. ती 'माझं ते' म्हणायची. 'माझं ते' आहे म्हणून ती उपास धरायची नाही, 'माझं ते' आहे म्हणून वेळेवर जेवायची. हे फक्त मला माहीत होतं. आळीत कुणाला नाही.

मी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवते. तेव्हाही शिकवत होते. महिन्यातून एकदा मी रजा टाकायची आणि आम्ही दोघी गोळ्यांच्या दवाखान्यात जायचो. सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. तिथं तिला फार मान होता. इतक्या वर्षांत तिची एकही गोळी चुकली नव्हती. समुपदेशक बाई नव्या पेशंटांना सांगायच्या, "या आजींकडे बघा. शाळेत गेल्या नाहीत, पण गोळी चुकत नाही." मावशी पदर सावरून बसायची. परत येताना रिक्षात मला म्हणायची, "बघितलंस ना, पहिला नंबर."

तिच्या गोळीची वेळ घड्याळावर नव्हती. आमच्या ओट्यावरून खाडीपलीकडे वीजकेंद्राची उंच चिमणी दिसते. अंधार पडू लागला आणि तिच्यावरचे लाल दिवे डोळ्यांत भरू लागले की मावशी आत जाऊन गोळी घ्यायची. थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा. मी एकदा समुपदेशक बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण चुकवू नका.

दर महिन्याला तिथं तेच प्रश्न असायचे. गोळी चुकली का? ताप? खोकला? वजनकाट्यावर उभ्या राहा. मावशी उत्तरं पाठ असल्यासारखी द्यायची. ओटीपोटाबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल कुणी विचारलं नाही. तरुण बायकांना विचारत असतील. मूल होऊ शकतं अशा बायकांना बहुतेक विचारत असतील.

त्या वर्षी पावसाळ्यात तिनं घरात धने-जिऱ्याचं पाणी करून ठेवायला सुरुवात केली. सकाळी सब्जा भिजवायची. मी विचारलं तर म्हणाली, "गोळ्या गरम पडतात. किती वर्षांची उष्णता साठलीय अंगात." नारळी पौर्णिमेला आळीतल्या सगळ्या बायका बंदरावर गेल्या. समुद्राला नारळ सोडून बोटींची पूजा करतात, त्यात मावशीचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. त्या दिवशी ती घराच्या पायरीवर बसून राहिली.

"काय गो म्हातारे, यायचं नाय?" शेजारची बाई जाता जाता म्हणाली. "का नवा नवरा बघायला येणाराय?"

"येणाराय. तुझाच येतोय, तुला कंटाळून," मावशी म्हणाली.

पायरीवरून बंदरावरची गाणी ऐकू येतात. ती ऐकत बसली.

दिवाळीच्या आधी तलासरीच्या आठवडी बाजारात ते उघड झालं. मी वर्गावर होते. शिपाई येऊन म्हणाला, मॅडम, बाजारातून बाई आलीय, तुम्हाला बोलावते. शेजारची बाईच होती. धापा टाकत म्हणाली, "चल. तिला उठता येत नाय."

मावशी आपल्या जागेवर गोणपाटावर बसली होती. समोर एक गुजराती गिऱ्हाईक उभं होतं आणि विचारत होतं, "शुं भाव छे, मासी?" मावशी त्याला भाव सांगत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. खालचं गोणपाट ओलं होतं आणि ते कशानं ओलं होतं ते रंगावरून कळत होतं. शेजारणीनं आपल्या पाटीवरचं निळं प्लास्टिक तिच्या मांडीवर टाकलं होतं आणि पाण्याची कळशी मुद्दाम आडवी केली होती.

"पाणी सांडलंय, पुढे जा, पुढे जा," ती गिऱ्हाइकांना सांगत होती.

"सोडे मोजून ठेव आधी," मावशी तिला म्हणाली. "मग मला उचला."

आम्ही तिला रिक्षात घातलं. शेजारणीनं प्लास्टिक परत मागितलं नाही.

डहाणूच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मावशीला झोपवलं, पडदा ओढला. मी पडद्याच्या अलीकडे. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आजी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"लय झाली."

"आणि हे परत कधीपासून दिसतंय?"

मावशी म्हणाली, "चैत्रापासून."

मी स्टुलावर बसले होते. भिंतीवर आईच्या दुधाचं पोस्टर होतं. चैत्र म्हटल्यावर मला नारळ आठवला, न घेतलेला प्रसाद आठवला, मग नारळी पौर्णिमेची पायरी. इतके महिने ती विटाळ पाळत होती. देवीजवळ गेली नाही, बोटीला शिवली नाही, घरात देव्हाऱ्याचा दिवा मला लावायला सांगायची. माझे गुडघे दुखतात, म्हणायची. ज्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जायचं असतं, ती तिनं बायकांच्या जुन्या नियमाप्रमाणे बाजूला बसून निभावून नेली होती.

परत येताना मी विचारलं, "दर महिन्याला दवाखान्यात जात होतीस. तिथं का नाही बोललीस?"

"ते गोळीचं विचारतात. मी गोळीचं सांगते."

"मला तरी सांगायचंस."

"काय सांगू? ह्या वयात बाजूला बसायची पाळी आली म्हणून? तू हसली असतीस."

"हा विटाळ नाही मावशी. हा आजार आहे."

"ते तुझ्या शाळेत शिकव," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली. चिकूच्या वाड्यांची कुंपणं मागे जात होती. थोड्या वेळानं म्हणाली, "देवी गरोदर बाईसाठी डोंगरावरून खाली उतरली म्हणतात. विटाळशीसाठी नाय उतरायची."

तिच्या सगळ्या आजारपणात तिला नेमकं काय हवं होतं हे मला त्या रिक्षात कळलं. बरं व्हायचं होतं असं ती कधी म्हणाली नाही. तिला रक्त थांबायला हवं होतं. रक्त थांबलं की ती देवीसमोर उभी राहू शकणार होती. मला ती जगायला हवी होती. पुढचे बरेच महिने आम्हाला वाटत राहिलं की या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. मुंबईला न्यायला सांगितलं. पहाटेची गाडी डहाणू रोडहूनच सुटते, म्हणून बसायला मिळायचं. मावशी खिडकीशी बसून डोळे मिटायची. मी पुस्तक उघडायची आणि एकच पान बघत राहायची.

मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी फाइल वाचली, मग माझ्याकडे बघितलं. "यांना आधीपासून एचआयव्ही आहे. दरवर्षी खालची तपासणी करून घ्यायची असते. झाली होती कधी?"

"नाही."

"कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

त्यांनी काहीतरी लिहिलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. दाराबाहेर रांग होती.

त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. आधी बाहेरून शेक, म्हणजे रेडिएशन, रोज, काही आठवडे. त्याबरोबर आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. ते संपलं की लगेच आतून शेक. आतल्या शेकासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन, भूल देऊन, नळ्या आत ठेवतात. "बाहेरचा आणि आतला मिळून एक उपचार आहे," ते म्हणाले. "मध्ये खंड पडून चालत नाही. आतला राहिला तर अर्ध्यावर सोडल्यासारखं होतं." हे त्यांनी मला सांगितलं. मावशी शेजारी बसली होती. तिला त्यांनी विचारलं, "आजी, जेवण जातं का?"

आम्ही हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहिलो. मी बिनपगारी रजा घेतली. रोज सकाळी शेक, मग खोलीत येऊन पडून राहायचं. तिला मळमळायचं. संध्याकाळी खिडकीतून फक्त समोरची इमारत दिसायची, आणि मावशी मला विचारायची, "दिवे लागले असतील का आता?" मी हो म्हटलं की गोळी घ्यायची. उलटी झाली की पुन्हा घेऊ का विचारायची. मला माहीत नव्हतं. मी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या गोळ्यांचं तुमच्या तिथल्या डॉक्टरांना विचारा. मी फोन केला. तिथले म्हणाले, कॅन्सरचं औषध काय चाललंय ते आम्हाला कसं कळणार, त्यांना विचारा. एकदा मूत्रपिंडाची तपासणी थोडी बिघडली, तेव्हाही असंच झालं. इकडचे म्हणाले, ती गोळी किडनीला जड असते, बदलता येईल का बघा. तिकडचे म्हणाले, इतकी वर्षं चांगली चालली आहे, आम्ही का बदलू, तिकडचं औषध कमी करा. शेवटी कुणी काहीच बदललं नाही. सगळे नीट बोलत होते. पण ते एकमेकांशी कधी बोलले नाहीत. मधे निरोप नेणारी मीच होते, आणि मराठीची शिक्षिका औषधांचे निरोप किती बरोबर नेणार.

वॉर्डातल्या एक नर्सबाई मावशीला हात लावायच्या आधी दोन हातमोजे चढवायच्या, एकावर एक. मावशीनं ते बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "मला वास मारत असेल सुक्याचा." ती खरंच तसं समजत होती की मला समजू देत होती, ते मला आजही सांगता येत नाही.

बाहेरचा शेक संपायच्या आधीच रक्त थांबलं. आधी कमी झालं, मग डाग, मग काहीच नाही. एके दिवशी ती न्हाणीतून बाहेर आली आणि म्हणाली, "कोरडं." एवढंच. संध्याकाळी तिनं धर्मशाळेच्या जिन्याजवळच्या गणपतीच्या फोटोला हात लावून नमस्कार केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं देवाला हात लावलेला मी पाहिला.

आतल्या शेकाची तारीख मिळाली. सकाळपासून उपाशी. आम्ही थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो. बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या. फक्त मावशीच्या फाइलवर लाल पट्टी होती. शेजारच्या बाकावर कोल्हापूरकडची एक बाई होती, ती म्हणाली, "तुम्ही आमच्या आधी आलात की हो आजी. तुमचा नंबर कसा लागला नाही?"

"चांगला माल शेवटी काढतात, बाय," मावशी म्हणाली.

ती बाई हसली. मी उठून विचारलं. आतून एक डॉक्टर आले, तरुण होते, डोळ्यांखाली काळं. म्हणाले, "आजींना शेवटी घेणार. नंतर सगळं थिएटर धुवायला लागतं ना."

"बाकीच्यांच्या नंतर धुवत नाही का?"

"धुवतो." त्यांनी फाइल या हातातून त्या हातात घेतली. "पद्धत आहे तशी, मॅडम."

दुपारी उशिरा भूल देणारे डॉक्टर दुसरीकडे गेले. आजचं होणार नाही, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. मावशीला मी चहा-पाव दिला. ती म्हणाली, बरं झालं, भूक लागली होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा शेवटचा नंबर, पुन्हा उशीर. त्यानंतरच्या वेळी रक्तातल्या पेशी कमी निघाल्या, म्हणून पुढे ढकललं. ते पुढे ढकलणं बरोबर होतं, असं मला वाटतं. आधीची दोन बरोबर नव्हती. पण तीन वेळा कुणी परत पाठवलं की चौथ्या वेळी बोलावणं खरं वाटत नाही. मावशीला तर मुळीच नाही. तिच्या धंद्यात ज्या गिऱ्हाइकाला खरंच गरज असते ते माल पिशवीत पडल्याशिवाय पाटीसमोरून हलत नाही.

आम्ही डहाणूला परत आलो, पेशी वाढायची वाट बघायला. गोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. वजन थोडं वाढलं होतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, "एवढ्या त्रासातसुद्धा गोळी चुकली नाही? वा आजी! सगळं छान आहे." मी म्हटलं, आतला शेक राहिलाय. त्या म्हणाल्या, ते तिकडचे बघतील ना. मावशीनं ऐकलं ते 'सगळं छान' एवढंच.

तेवढ्यात चैत्र आला.

मुंबईची नवी तारीख यात्रेच्या दिवसांत येत होती. मी म्हटलं, यात्रा पुढच्या वर्षी करू. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर तिनं डोक्यावरून पाणी घेतलं होतं, धुवट साडी नेसली होती आणि नारळ पिशवीत घातला होता. पाटी नव्हती घेतली. माल आदल्या दिवशीच शेजारणीच्या टेम्पोतून गेला होता.

मी तिच्याबरोबर गेले. रांग मोठी होती. ती बसत, उठत, माझ्या खांद्यावर हात ठेवत पुढे सरकली. तिच्या केसांतून औषधाचा वास यायचा अजून. पायऱ्या चढताना दर पायरीवर थांबली. आत पोहोचल्यावर तिनं नारळ दिला आणि उंबऱ्यावर डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली. मागचे लोक ओरडायला लागले. "चला मावशी, सगळ्यांना जायचंय." ती उठली. तिच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. विधवा म्हणून ती कुंकू लावत नसे. तिनं ते पुसलं नाही.

बाहेर येऊन ती आपल्या जागेवर बसली. शेजारीण म्हणाली, "आली गो राणी!"

"आली. भाव पाडून ठेवलेत ना माझ्या मागे?"

त्या दिवशी तिनं संध्याकाळपर्यंत विकलं. माझ्या लक्षात आहे तो तिचा शेवटचा चांगला दिवस. तिला चांगलं वाटतंय हे मला दिसत होतं, आणि मुंबईची तारीख टळली आहे हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. अंगाखाली दबून हात बधिर होतो तसं होतं.

त्यानंतर तिला मुंबईला न्यायला मी फार प्रयत्न केले. ती म्हणायची, "माझं थांबलंय. देवीनं मला आत घेतलं. अजून काय भाजायचं राहिलंय?"

"आतला शेक राहिलाय. डॉक्टर म्हणाले होते, तो आणि बाहेरचा मिळून एक."

"मला नाय म्हणाले."

ते खरं होतं.

मी हॉस्पिटलला फोन करून विचारलं, तुम्ही तिच्याशी बोलाल का. पलीकडून सांगितलं, पेशंटला घेऊन या. शेवटी पावसाच्या तोंडाशी ती आली, मी रडले म्हणून. मला रडू आलेलं ते एकदाच. डॉक्टरांनी तपासलं. यावेळी बाई डॉक्टर होत्या. त्यांनी हात धुतले, बसल्या आणि पहिल्यांदा थेट मावशीशी बोलल्या.

"आजी, खूप उशीर झाला. आता नळ्या घालून फार उपयोग होणार नाही. आत गाठ आहे अजून."

"रक्त नाय येत."

"रक्त थांबलं म्हणजे आजार गेला असं नसतं, आजी."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी हे तिला सांगितलं नव्हतं असं नाही. पण मी भाची होते आणि त्या डॉक्टर होत्या. ती त्यांना म्हणाली, "हे आधी सांगायचं होतं."

डॉक्टर म्हणाल्या, "हो. सांगायला हवं होतं."

त्या कुणाच्या वतीनं बोलत होत्या कुणास ठाऊक. पण म्हणाल्या तशा.

थंडीत रक्त परत सुरू झालं. पाय सुजू लागला, पाठ दुखू लागली. दुखण्याची चांगली गोळी आमच्याकडे मिळत नव्हती, मुंबईहून आणावी लागायची. ती मी आणायची. 'तिच्या त्या'ची गोळी ती दिवे लागले की घेतच होती. गिळताना त्रास व्हायचा तरी. गोळ्यांच्या दवाखान्यात आता मी एकटी जायची. तिथं अजूनही विचारायचे, गोळी चुकली का? नाही, मी सांगायची. एकही नाही.

पुढच्या चैत्रात तिनं यात्रेला न्यायला सांगितलं. टेम्पोत गादी टाकून नेलं. बायकांच्या मागे सावलीत तिला झोपवलं. मी म्हटलं, उचलून नेतो तुला आत, चार जणी आहोत. तिनं मान हलवली.

"आता परत सुरू आहे ना."

"डॉक्टरांनी तुला सांगितलं ना, तो आजार आहे."

"त्यांनी सांगितलं आजार आहे. विटाळ नाही असं कुठं सांगितलं?"

खरंच त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. तो त्यांचा प्रश्नच नव्हता. मी नारळ घेऊन गेले. परत आल्यावर प्रसाद तिच्या हातावर ठेवला. तिनं मूठ मिटली नाही. तो तसाच हातावर राहिला, मग गादीवर पडला.

श्रावण लागायच्या आधी ती गेली. दिवसा, जेवणाच्या वेळेला. मी भात कालवत होते.

आळीतल्या बायका जमल्या. आमच्याकडे बाईला बायकाच आंघोळ घालतात. पाणी तापत होतं. सगळ्यांत म्हातारी बाई पुढे येऊन माझ्याजवळ बसली. तिनं मला हळूच विचारलं, जो प्रश्न तिथं विचारायचाच असतो. कारण विटाळात गेलेल्या बाईचं वेगळं करतात. वेगळं पाणी, वेगळे विधी, भटजीला आधी सांगावं लागतं.

"तिला अडचण होती काय गो? अंगावर जात होतं, असं म्हणतात."

शेजारची बाई दाराशी उभी होती. तिला बाजारातलं गोणपाट माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "अडचण नव्हती. तो आजार होता. गर्भाशयाचा कॅन्सर. त्याचं रक्त होतं. विटाळ नव्हता."

म्हातारीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी शाळेत शिकवते हे तिला माहीत होतं. तिनं मान डोलावली आणि मागे वळून म्हणाली, "नेहमीसारखंच करा गो. आणा पाणी."

शेजारणीनं हंडा उचलला. मी मावशीचा पदर बाजूला केला. म्हातारी ओतत होती आणि मी माझ्या हातांनी धूत होते. तिचे हात मी दोनदा धुतले. खारटपणा गेला नाही, की मला तसं वाटलं. मग तिला कोरडं पुसलं, धुवट साडी नेसवली. म्हातारीनं विचारलं, कपाळ असंच कोरं ठेवायचं ना? मी हो म्हटलं.